जुन्या जपानी मोटारसायकली आणि निवृत्तांचा निवांत वेळ

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

निवृत्तीनंतरच्या आयुष्याविषयी आपल्या दैनिकात वेळोवेळी जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात वाचन, बागकाम, प्रवास, संगीत आणि नातवंडांचा सहवास यांचा उल्लेख हमखास असतो. हे सारे चांगलेच आहे. परंतु ज्या छंदात हाताला ग्रीस लागते, डोके चालवावे लागते आणि काम नीट झाले की नाही याचा निवाडा यंत्र स्वतःच करते, अशा छंदांची दखल त्यात क्वचितच घेतली जाते. जुन्या जपानी मोटारसायकली पूर्ववत चालत्या करणे हा तसा छंद आहे. नोकरीतून निवृत्त झाल्यापासून मी त्यात रमलो आहे आणि अनुभवाने माझे असे ठाम मत झाले आहे की, ही यंत्रे जपण्यासाठी निवृत्त माणसाइतका योग्य माणूस दुसरा नाही. कारण या गाड्यांचे गंजाने केले नसेल तेवढे नुकसान घाईने केले आहे, आणि घाई न करण्याची मुभा आयुष्यात प्रथमच मिळते ती निवृत्तीनंतर.

जपानी गाड्याच का, असे मला नेहमी विचारले जाते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये स्वस्त वाहनाची निकड होती आणि त्या काळात पुढे आलेल्या कित्येक कारखान्यांपैकी होंडा, सुझुकी, यामाहा आणि कावासाकी हे चार शेवटी टिकले. सोइचिरो होंडा यांनी १९४८ मध्ये हामामात्सु येथे आपली कंपनी स्थापन केली. सुझुकीचा मूळ व्यवसाय विणकामाचे माग बनवण्याचा, यामाहाचे नाव वाद्यांमुळे झालेले, तर कावासाकीची परंपरा जहाजबांधणीची. १९५४ मध्ये होंडा यांनी ब्रिटनजवळच्या आइल ऑफ मॅन बेटावरच्या प्रसिद्ध मोटारसायकल शर्यतीत उतरण्याचा मनोदय जाहीर केला, तेव्हा त्याकडे फारशा गांभीर्याने पाहिले गेले नसेल. पण १९५९ मध्ये त्यांचा संघ तेथे पोहोचला आणि १९६१ मध्ये ब्रिटिश शर्यतपटू माइक हेलवुड यांनी होंडाच्या गाड्यांवर १२५ आणि २५० सीसी अशा दोन्ही गटांत विजय मिळवला. पुढे १९६९ मध्ये होंडाची सीबी७५० बाजारात आली. चार सिलिंडर, ७३६ सीसीचे इंजिन, पुढच्या चाकाला डिस्क ब्रेक आणि बटण दाबून सुरू होणारे यंत्र, हे सगळे एकत्र आणि सर्वसामान्य ग्राहकाच्या आवाक्यात आले. त्याच सुमारास कावासाकीनेही ७५० सीसीचे चार सिलिंडरी इंजिन आखले होते. होंडाने बाजी मारल्यामुळे त्यांनी तो आराखडा बाजूला ठेवला आणि १९७२ मध्ये ९०३ सीसीची झेड-वन आणली. टू-स्ट्रोक, म्हणजे पिस्टनच्या दर दोन धावांमागे एकदा इंधन पेटणाऱ्या इंजिनांच्या बाजूला कावासाकीची तीन सिलिंडरांची एच-वन, सुझुकीची पाण्याने थंड होणारी जीटी७५० आणि यामाहाच्या आरडी मालिकेतल्या चपळ गाड्या होत्या.

हा इतिहास पुनरुज्जीवन करणाऱ्याच्या रोजच्या कामाशी थेट जोडलेला आहे. या गाड्या यंत्राची आवड नसलेल्या माणसालाही वापरता याव्यात, या हेतूने बनवल्या गेल्या. ब्रिटिश गाड्यांचे क्रँककेस (इंजिनातला क्रँकचा दांडा सामावणारे कवच) बहुधा उभे दुभागलेले असत आणि त्या सांध्यातून तेल पाझरणे नित्याचे होते. जपानी इंजिनांत हा सांधा सामान्यतः आडवा ठेवला गेला आणि पृष्ठभाग अचूक तासले गेले, त्यामुळे जमिनीवर तेलाचे डाग पडणे जवळपास थांबले. सुट्या भागांच्या क्रमांकांतही अशीच शिस्त आहे. होंडाचा भाग क्रमांक पाच, तीन आणि तीन अंकांच्या गटांत लिहिला जातो. पहिला गट भाग कोणता ते सांगतो आणि मधला गट तो मुळात कोणत्या मॉडेलसाठी बनला ते सांगतो. मधला गट ३०० असेल, तर तो भाग पहिल्या सीबी७५० साठी तयार झाला, हे जाणकाराला पाहताक्षणी कळते. वायरिंगचेही तेच. होंडामध्ये हिरवी तार अर्थिंगची, सुझुकीमध्ये काळी-पांढरी, कावासाकीमध्ये काळी-पिवळी. एकदा ही भाषा कळली, की उंदरांनी कुरतडलेला हार्नेस, म्हणजे तारांचा जुडगासुद्धा मल्टिमीटर हाती घेऊन तारेमागून तार उलगडत जातो. ज्यांनी हे कारखाने उभारले त्यांनी प्रत्येक गोष्टीची नोंद ठेवली, म्हणून पन्नास वर्षांनंतर आपल्याला ते यंत्र वाचता येते.

आता घाईचा मुद्दा. क्रँककेसच्या झाकणाचा एक साधा स्क्रू घ्या. त्याच्या माथ्यावर अधिकच्या चिन्हासारखी खाच असते, म्हणून कोणीही हाताशी असलेला फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर लावतो. परंतु जुन्या जपानी गाड्यांवरचे हे स्क्रू जपानी औद्योगिक मानकानुसार, म्हणजे जेआयएसनुसार बनलेले आहेत, आणि त्यांतील बऱ्याच स्क्रूंच्या माथ्यावर खाचेच्या बाजूला एक बारीक ठिपका दिसतो. फिलिप्सच्या टोकाची घडण निराळी असल्यामुळे ते त्या खाचेच्या तळापर्यंत बसतच नाही. जोर दिला की ते वर उसळते आणि मऊ स्क्रूचा माथा गोल करून टाकते. मग छिन्नी येते, हातोडा येतो आणि ॲल्युमिनियमच्या झाकणावर कायमची जखम राहते. भंगारातून आलेल्या बहुतेक गाड्यांवर असे ओरखडे मी पाहिले आहेत. योग्य पद्धत अगदी सोपी आहे. जेआयएसचे टोक घ्यावे, स्क्रूच्या मुळाशी पेनिट्रेटिंग ऑइल सोडून ते रात्रभर मुरू द्यावे, दुसऱ्या दिवशी झाकण हॉट एअर गनने हळूहळू गरम करावे आणि मग इम्पॅक्ट ड्रायव्हरवर एक नेमका ठोका द्यावा. ॲल्युमिनियम तापल्यावर लोखंडाच्या सुमारे दुप्पट प्रसरण पावते, त्यामुळे स्क्रूभोवतीची पकड सैल होते. तरीही स्क्रू हलला नाही तर पुन्हा तेल सोडायचे आणि पुन्हा थांबायचे. ज्याला संध्याकाळी गाडी ग्राहकाच्या हवाली करायची आहे, त्या गॅरेजवाल्याला हे थांबणे परवडत नाही, आणि त्याला दोष देण्यात अर्थ नाही. आपल्याला ते परवडते.

स्क्रू निघाल्यावर तो कोठे ठेवायचा, हाही शिस्तीचा भाग आहे. एकाच झाकणाचे स्क्रू निरनिराळ्या लांबीचे असतात आणि लांब स्क्रू आखूड भोकात पिळला तर क्रँककेसचे आटे जातात किंवा भोकाचा तळ फुटतो. म्हणून जाड पुठ्ठ्यावर झाकणाचा आकार पेन्सिलीने काढून, ज्या भोकातून जो स्क्रू निघाला त्याच जागी तो पुठ्ठ्यात खोचून ठेवावा. मोबाइलवरचे फोटो उपयोगी पडतात, पण फोटोत स्क्रूची लांबी दिसत नाही.

दुसरे उदाहरण कार्ब्युरेटरचे, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाचे. उभ्या राहिलेल्या दहा गाड्यांपैकी बहुतेक गाड्यांचे मूळ दुखणे तेथेच सापडते. टाकीत आणि फ्लोट बोलमध्ये, म्हणजे कार्ब्युरेटरच्या तळाच्या वाटीत, राहिलेले पेट्रोल उडून जाते आणि मागे लाखेसारखा चिवट थर उरतो. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळलेले असल्यास ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी भागांना फुगवते, म्हणून दुखणे आणखी लवकर बळावते. पायलट जेटवर, म्हणजे इंजिन मंद चालताना पेट्रोल सोडणाऱ्या बारीक तोटीवर, बहुधा ४० असा काहीसा आकडा कोरलेला दिसतो. केहिन कंपनीच्या कार्ब्युरेटरमध्ये त्याचा अर्थ भोकाचा व्यास ०.४० मिलिमीटर आहे. हा जेट मऊ पितळेचा असतो. तो चोंदला म्हणून कोणी पोलादी तार खुपसली आणि व्यास ०.४० चा ०.४४ झाला, तर डोळ्यांना काहीच फरक दिसत नाही; परंतु भोकाचे क्षेत्रफळ सुमारे २१ टक्क्यांनी वाढलेले असते. मग गाडी आयडलिंगला अडखळते, प्लग काजळून काळा पडतो आणि मालक कॉइल बदल, बॅटरी बदल असे करत बसतो. जेट द्रावणात भिजत ठेवणे, अल्ट्रासॉनिक टबमध्ये स्वच्छ करणे, उजेडाकडे धरून भोक गोल आणि पूर्ण मोकळे आहे ना ते पाहणे, फ्लोटची उंची मॅन्युअलमधल्या आकड्याशी ताडणे, हे सारे सावकाश करण्याचे काम आहे. चार सिलिंडरांच्या गाडीत हेच चार वेळा करायचे आणि शेवटी व्हॅक्यूम गेज लावून चारही कार्ब्युरेटर एका तालात आणायचे. त्याआधी टॅपेटची, म्हणजे व्हॉल्व्हची, फट आणि इग्निशनचे, म्हणजे ठिणगीचे, टायमिंग जुळवलेले नसेल, तर तो ताल कधीच जमत नाही. सीबी७५० मध्ये थंड इंजिनावर इनलेट व्हॉल्व्हची फट ०.०५ आणि एक्झॉस्टची ०.०८ मिलिमीटर ठेवायची असते. फट मोजण्याच्या फिलर गेजची पाती हलक्या ओढीने सरकली पाहिजे. ही ओढ शब्दांत सांगता येत नाही, बोटांना ती हळूहळू कळू लागते.

टू-स्ट्रोक गाड्यांबद्दल एक गोष्ट मुद्दाम सांगतो, कारण त्या दिसायला सोप्या असल्यामुळे नवखे लोक त्यांच्यापासून सुरुवात करतात. अनेक वर्षे उभ्या राहिलेल्या टू-स्ट्रोक इंजिनाचे क्रँकचे ऑइल सील वाळून कडक झालेले असतात. इंजिन सुरू होते, आवाजही छान येतो, पण सीलच्या कडेने बाहेरची हवा आत ओढली जाते, मिश्रणात पेट्रोलचे प्रमाण घटते आणि वेग वाढताच पिस्टन तापून सिलिंडरला धरतो किंवा त्याला भोक पडते. म्हणून अशा गाडीचे इंजिन हवेचा हलका दाब देऊन तपासल्याशिवाय ती रस्त्यावर काढू नये. तेलाचा वेगळा पंप असेल, तर त्याच्या नळीत हवेचा बुडबुडा अडकलेला नाही याचीही आधी खात्री करावी.

येथे मला या छंदातल्या प्रचलित समजुतींविषयी स्पष्ट बोलायचे आहे. गाडी आरशासारखी चमकली म्हणजे काम फत्ते, असे अनेकांना वाटते. मूळ रंग खरवडून काढायचा, प्रत्येक नटाला नवे क्रोम चढवायचे, इंजिनाचे कव्हर बफिंग करून चांदीसारखे करायचे आणि कारखान्यातून निघाली तेव्हाही नव्हती इतकी ती देखणी करायची. कौशल्याच्या दृष्टीने मी याला कमी लेखत नाही. परंतु त्या गाडीवर कारखान्यातल्या कामगाराच्या हाताची जी खूण होती, ती यात पुसली जाते आणि पुन्हा कधीही परत येत नाही. १९७० च्या दशकातले कँडी रंग पाहा. खाली धातूच्या कणांचा चमकदार थर आणि त्यावर रंगछटेचा पारदर्शक थर, अशी त्यांची रचना आहे. पारदर्शक थर किती जाड बसला यावर रंगाची खोली ठरते. अशा टाकीवरचा एक ओरखडा बुजवायला गेले, तरी ठिगळ दिसते. म्हणून मूळ रंग सत्तर टक्के जरी शाबूत असला, तरी तो सौम्य पॉलिशने उजळावा, मेण लावून जपावा आणि उरलेल्या खुणा राहू द्याव्यात, असे माझे मत आहे. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने, म्हणजे फिवाने, स्वीकारलेल्या ट्यूरिन सनदेचा रोखही पुनर्निर्मितीपेक्षा जतनाकडेच आहे.

मागची चौकट ग्राइंडरने कापून, मडगार्ड काढून, साध्या जुन्या गाडीची कॅफे रेसर, म्हणजे शर्यतीच्या गाडीसारखी दिसणारी गाडी, बनवण्याची जी लाट आली आहे, तिच्याबद्दल मला खरोखर दुःख होते. जिचे अर्धे भाग हरवले आहेत अशा सांगाड्यावर कोणी असा प्रयोग केला तर हरकत नाही. पण पूर्ण, अस्सल, फक्त धूळ खात पडलेल्या गाडीवर कटर चालवणे हे न भरून येणारे नुकसान आहे. तरुणांना ती घाई असते, कारण त्यांना पुढच्या महिन्यात गाडी मिरवायची असते. निवृत्त माणसाने तरी त्या मोहात पडू नये.

कोणती गाडी निवडावी, याविषयी माझा सल्ला प्रचलित सल्ल्याच्या थोडा उलट आहे. इंजिन जाम असेल तर घाबरू नये, पण बाहेरचे भाग गायब असतील तर दहादा विचार करावा. पिस्टन ०.२५ मिलिमीटरच्या टप्प्यांनी वाढत्या मापांत मिळत असत आणि अजूनही पुष्कळ मॉडेलांसाठी मिळतात. रिंग, गॅस्केट, बेअरिंग, ऑइल सील यांचीही फारशी अडचण पडत नाही. याउलट मूळ साइड कव्हर, त्यावरचे बिल्ले, हँडलवरचे स्विच, मीटरच्या तबकड्या आणि विशेषतः अस्सल सायलेन्सर शोधता शोधता दमछाक होते. सुरुवातीच्या सीबी७५० च्या सायलेन्सरवर एचएम ३०० अशी खूण ठोकलेली असते आणि ती असलेला चारांचा संच मिळणे आज भाग्याचेच समजले जाते. सायलेन्सर आतून साचणाऱ्या पाण्याने सडतात, त्यामुळे बाहेरून क्रोम चकाकत असले तरी बोटाने ठोकून आवाज ऐकावा. चौकटीचा आणि इंजिनाचा क्रमांक कागदपत्रांशी जुळतो ना, हे तर गाडी दारात येण्याआधीच पाहावे.

वयाचा विचारही प्रामाणिकपणे केला पाहिजे. सीबी७५० चे वजन पेट्रोल आणि तेल नसतानाही सुमारे २१८ किलो भरते आणि तिचे इंजिन एकट्याने चौकटीतून उचलण्याजोगे नाही. पहिल्या कामासाठी ९० ते २०० सीसीची, एक किंवा दोन सिलिंडरांची फोर-स्ट्रोक गाडी घ्यावी. तिचे इंजिन टेबलावर मांडून बसता येते, त्यातले तत्त्व तेच असते आणि कंबर शाबूत राहते. गाडी उचलणारे टेबल ही चैन नव्हे. साठीनंतर तेच पहिले अवजार समजावे.

सुरक्षिततेबाबत छंदविषयक लेखन फार मोघम असते, म्हणून येथे नेमके लिहितो. त्या काळच्या ब्रेक शूमध्ये, क्लच प्लेटमध्ये आणि गॅस्केटमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ब्रेकच्या ड्रममधली धूळ हवेच्या झोताने कधीही उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी आणि चांगला मास्क वापरावा. टाकीतला गंज काढण्यासाठी इलेक्ट्रोलिसिस करताना हायड्रोजन वायू निघतो, तेव्हा ते काम उघड्यावर करावे, आणि त्यासाठी स्टेनलेस स्टीलची कांब वापरू नये, कारण तिच्यातून क्रोमियमची विषारी संयुगे पाण्यात उतरतात. क्रोम चढवणे, सिलिंडर बोअर करणे, दाबाने बसवलेला क्रँक उघडून पुन्हा सरळ जोडणे ही कामे ज्यांच्याकडे यंत्रे आणि तालीम आहे त्यांनाच द्यावीत. आणि इंजिनाचा पहिला फटका ऐकण्याची उत्सुकता कितीही असली, तरी ब्रेकचे काम आधी पुरे करावे. जुन्या डिस्क ब्रेकची रबरी नळी आतून सुजून बंद झालेली असते, कॅलिपरचा पिस्टन जागीच चिकटलेला असतो आणि टायर नुसता दिसायला चांगला असतो. टायरच्या कडेवरच्या डॉट खुणेतले शेवटचे चार अंक वाचावेत; २३१५ असतील, तर तो टायर २०१५ च्या तेविसाव्या आठवड्यात बनला आहे. तीनच अंक असतील, तर तो २००० सालाच्या आधीचा आहे आणि त्यावर एक किलोमीटरही जाऊ नये.

हे काम एकांताचे वाटते, पण तसे राहत नाही. ब्रिटनमध्ये आणि उत्तर अमेरिकेत केवळ जुन्या जपानी मोटारसायकलींसाठी क्लब आहेत आणि त्यांतले कित्येक जाणते सभासद वयाने ज्येष्ठ आहेत. त्यांच्याकडे जे ज्ञान आहे, ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये पूर्ण उतरलेले नाही. पॉइंटची, म्हणजे ठिणगीची वेळ ठरवणाऱ्या उघडझाप करणाऱ्या संपर्काची, फट ०.३ ते ०.४ मिलिमीटरच्या दरम्यान ठेवून, छोटा दिवा जोडून, फ्लायव्हील हाताने फिरवत नेमक्या खुणेवर तो दिवा लागतो का हे पाहणारी माणसे आता थोडी उरली आहेत. इलेक्ट्रॉनिक इंजेक्शनवर शिकलेल्या तरुण मेकॅनिकला हे कोणी दाखवलेलेच नाही आणि दाखवले की तो किती आवडीने शिकतो, हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणून प्रत्येक गाडीमागे एक वही ठेवावी: काय निघाले, काय मापले, काय बदलले, मूळ भाग कोठे ठेवला. गाडी पुढे ज्याच्याकडे जाईल, त्याला ती वहीही मिळाली पाहिजे.

आपणास विनंती अशी की, निवृत्तांसाठीच्या आपल्या सदरांतून अशा हस्तकौशल्याच्या छंदांना तपशिलासह जागा द्यावी आणि नुसती चमकत्या गाड्यांची छायाचित्रे न छापता, त्या उघडून जोडणाऱ्यांकडून त्यांच्या पद्धती लिहून घ्याव्यात. आपल्या वाचकांनाही एक विनंती करतो. घरातली जुनी मोटारसायकल विकली गेली असली, तरी तिचे वर्कशॉप मॅन्युअल, सुट्या भागांचे पुस्तक, सीटखालची हत्यारांची कापडी पिशवी किंवा कधीकाळी काढून ठेवलेला साइड कव्हरचा बिल्ला माळ्यावर पडून असेल. ते रद्दीत किंवा भंगारात देण्यापूर्वी अशा गाड्यांवर काम करणाऱ्या कोणालाही एकदा विचारावे. त्या नेमक्या वस्तूअभावी कोणाची तरी गाडी अर्धवट उभी असण्याची शक्यता पुष्कळ आहे.

कळावे,
आपला नम्र,
एक निवृत्त वाचक